तीन नंबरचा कोहळा

खंडेनवमीच्या दुपारी कृष्णकांतांनी घरातल्या सगळ्यांची पोटापाण्याची साधनं देवीपुढे मांडली, दोन पावलं मागे सरले आणि पाळी संपवताना बॉयलरकडे बघावं तसं त्या मांडणीकडे बघितलं.

मधोमध त्यांचं स्वतःचं पिवळं हेल्मेट. वीजकेंद्रातून निवृत्त होऊन दीड तप होत आलं होतं, पण मधला मान हेल्मेटचाच होता आणि त्याबद्दल घरात चर्चा होत नसे. उजवीकडे थोरल्या अमोघचा लॅपटॉप. अमोघ पवनचक्क्यांच्या कंपनीत होता. पवनचक्की त्याने जवळून फारशी पाहिलेली नव्हती, पण ती ज्या जमिनीवर उभी राहते ती जमीन शेतकऱ्यांशी गोड बोलून तोच मिळवत असे. शेजारी त्याच्या बायकोचं, सूनबाई विद्यालक्ष्मीचं, उष्णता मोजायचं यंत्र. कुठे किती वीज फुकट जाते ते ती कारखान्यांत जाऊन सांगायची, आणि लोक त्याचे पैसे देतात याचं कृष्णकांतांना अजून नवल वाटे, कारण मागच्या खोलीतला पंखा कोणी चालू ठेवला हे त्यांच्या पत्नी सुनंदाबाई जन्मभर फुकटात सांगत आल्या होत्या. डावीकडे धाकट्या अद्वयचा लॅपटॉप. तो सिरुसेरीच्या आयटी पार्कात बसून विजेच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहायचा. चेन्नईतल्या नंगनल्लूरच्या या फ्लॅटचं बिल मागच्या खेपेला दुप्पट आलं, तेव्हा त्याने हात वर करून तक्रार-केंद्राचा नंबर दिला होता.

आणि सर्वांत पुढे ओळीने सगळ्यांचे मोबाइल. हा कृष्णकांतांचा नवा नियम होता. माणूस ज्यावर दिवसभर राबतो ते त्याचं हत्यार, आणि हत्यार पूजेला बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अद्वयने कुरकुर केली, अमोघने घड्याळ पाहिलं, पण फोन बसले. नातीचा, अमोघच्या ऊर्मीचा, फोन त्यांनी स्वतः हेल्मेटला टेकवून उभा केला, पडदा पुढे करून. हेल्मेटचा आणि तिचा काही संबंध आहे हे देवीच्याही लक्षात यावं, एवढाच त्यात हेतू होता.

"तुझं काही ठेव की," ते सुनंदाबाईंना म्हणाले.

"माझी हत्यारं पूजेला बसवली तर उद्यापर्यंत खाल काय?" त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आणि तो कोहळा दारातून उचला. कुणाच्या पायाखाली येईल."

कोहळ्याचं असं होतं, की नोकरीत असताना दर खंडेनवमीला तीन नंबरच्या बॉयलरपुढे कोहळा फोडायचा मान कृष्णकांतांचा असे. कुंकू भरलेला, वर कापूर पेटवलेला. इकडच्या रीतीप्रमाणे यंत्राची दृष्ट अशीच काढतात. तीन नंबरला कृष्णकांत घरातल्या बाईमाणसासारखं 'ती' म्हणत. केंद्र बंद पडलं, कामगार पांगले, पण कृष्णकांत अजून दर वर्षी बाजारातून कोहळा आणत. फोडायला मात्र घरात त्यांना बॉयलर सापडत नसे. मग दसऱ्याला सुनंदाबाई त्याचं सांबार करत.

या वर्षी मात्र कृष्णकांत खुशीत होते. ऊर्मी इंजिनिअर झाली होती, तीही मेकॅनिकल. त्यांच्या हाताखाली शिकलेला राजगोपाल आता वरच्या किनाऱ्यावरच्या एका नव्या औष्णिक केंद्रात मोठा साहेब होता. त्याने पोरीसाठी जागा राखून ठेवली होती आणि दसऱ्याला होकार कळवायचा होता. दोन्ही मुलगे कोळशाकडे पाठ फिरवून गेले, त्याचं दुःख कृष्णकांतांनी गिळलं होतं, पण नात परत आली. उन्हाळाभर ती त्यांच्याजवळ बसून तीन नंबरबद्दल विचारत होती. बॉयलर वरून कसा टांगलेला असतो, कुठले खांब खरा भार घेतात, कोळशाचे बंकर कशावर उभे आहेत. कृष्णकांत कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आकृत्या काढून देत. तिने विचारावं आणि त्यांनी सांगावं, असा तो उन्हाळा गेला. इतका सुखाचा उन्हाळा त्यांना चेन्नईत दुसरा आठवत नव्हता.

चारच्या सुमाराला विद्यालक्ष्मीचे वडील सुब्बाराव आले, एका हातात सुंडलचा, म्हणजे नारळ घातलेल्या हरभऱ्यांच्या उसळीचा, डबा आणि दुसऱ्या हातात पूजेच्या चुरमुऱ्यांची पिशवी. ते तंजावरकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची मराठी ऐकताना कृष्णकांतांना कुणीतरी जुनी बखर तमिळच्या चालीवर वाचतंय असं वाटे. सुब्बारावांना कृष्णकांतांची मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटे, आणि ते तसं सांगतही.

पूजा झाली. आरती झाली. सुंडलच्या वाट्या हातात आल्या आणि कृष्णकांतांनी घसा खाकरला.

"उद्या सकाळी राजगोपालला फोन करायचाय," ते म्हणाले. "ऊर्मी, तूच बोल त्याच्याशी."

ऊर्मी वाटीतला नारळ बाजूला काढत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बाबा, एकदा विचार करा," अमोघ म्हणाला. "कोळशात आता राहिलंय काय? आमच्याकडे तिरुनेलवेलीला माणसं पुरत नाहीत. मोकळी हवा..."

"मोकळी हवा तुला माहीत! महिन्यातून वीस दिवस तू रजिस्ट्रारच्या कचेरीत बसलेला असतोस."

"माझ्याबरोबर येऊ दे की," विद्यालक्ष्मी म्हणाली. "ऑडिटला माणसं मिळत नाहीत. वीज निर्माण करायला सगळे तयार, पण वाचवायला कुणी नको."

"वहिनी, तिला दुसऱ्याच्या कारखान्यातल्या गळक्या पायपांमागे लावू नकोस," अद्वय म्हणाला. "सिरुसेरीला ये. एसी आहे, बस आहे, कॅन्टीन आहे."

"आणि बिल दुप्पट आहे," सुनंदाबाई म्हणाल्या.

सुब्बारावांनी व्याह्यांच्या दिशेने चमचा वर केला. "संबंधी, तुमी कोळसा बोलतांव, हे वारा बोलतंत. मी बँक बोलतों. सूर्य फुकट आहे म्हणतंत अस्के लोक, पण सूर्यास लोन द्यायला माणूस हवं की नको? पोरीस बँकेंत घाला. उन्हांत जायला नको, धुळींत जायला नको, आणि सूर्याचं काम जाहलं."

एका घरात एवढ्या संधी असताना मुलीला बाहेर कुठे जायची गरजच काय, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्येक जण तिला आपल्याकडे ओढत होता आणि प्रत्येकाला बाकीच्या सगळ्यांचा धंदा बुडीत दिसत होता. कृष्णकांत हे ऐकत शांत बसले होते. उद्या होकार जाणारच आहे, तोवर बोलोत बिचारे, असा त्यांचा भाव होता.

तेवढ्यात देवीपुढे फोन वाजला.

वाजला तो ऊर्मीचा. हेल्मेटला टेकून उभा असलेला, कपाळावर कुंकू लावलेला, झेंडूच्या पाकळ्यांत पाय रोवलेला. पडदा उजळला आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच वाचला. त्यावर नाव होतं, 'डिमॉलिशन सर'.

ऊर्मी ताडकन उठली.

"हात लावायचा नाही," कृष्णकांत सवयीने म्हणाले, आणि मग त्यांनी ते नाव पुन्हा वाचलं. फोन वाजत राहिला, थरथरत हेल्मेटच्या कडेवर टकटक करत राहिला, आणि बंद झाला.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"माझे बॉस."

"तुला बॉस आहे?"

"मी जॉईन झालेय, आजोबा. महिना होत आला." ऊर्मी घाबरली की तिची मराठी तमिळकडे झुकायची, आता ती पुरती झुकली होती. "लायब्ररीला जाते म्हणून सांगितलं, ते नाही. साइटवर जाते. जुनी वीजकेंद्रं उतरवायची कंपनी आहे. पाडत नाहीत, उतरवतात. नीट, एकेक भाग."

"कुठलं केंद्र?"

ऊर्मीने हेल्मेटकडे पाहिलं. एन्नोरच्या पलीकडचं कृष्णकांतांचं ते जुनं केंद्र काढायला घेतलंय हे पेपरात येऊन गेलं होतं. कृष्णकांतांनी त्या दिवशीचा पेपर वाचायला घेतला होता आणि पुढचं पान उलटून क्रीडा पानावर गेले होते. महिनाभर नातीचे बूट धुळीने माखलेले दिसत होते, तेही त्यांनी असेच उलटून टाकले होते. चेन्नईत कुठेही गेलं तरी मेट्रोच्या कामाची धूळ लागतेच.

आता इतका वेळ एकमेकांचे धंदे बुडवणारी मंडळी एका क्षणात एक झाली.

"पाडकाम?" अमोघ म्हणाला. "भंगारवाल्याकडे? इंजिनिअर होऊन?"

"अय्यो, कन्ना," सुब्बाराव नातीला म्हणाले, "उद्यां स्थळ आलं तर काय सांगावें? मुलगी काय करते? मोडते?"

"तुला माहीत होतं?" विद्यालक्ष्मीने अद्वयला विचारलं, कारण तो एकटाच गप्प होता आणि सुंडलमध्ये फार लक्ष घालत होता.

"मी दोनदा सोडलं तिला तिथे," अद्वय म्हणाला. "ती म्हणाली, आजोबांना मीच सांगेन."

"कधी? तीन नंबर खाली आल्यावर?"

हे कृष्णकांत बोलले. आवाज चढला नव्हता. तसा तो चढला असता तर बरं झालं असतं असं सगळ्यांनाच वाटलं.

"उन्हाळाभर तू मला विचारत होतीस," ते म्हणाले. "खांब कुठला, भार कुठला. मला वाटलं, पोरीला ओढ आहे. मी राजगोपालला काय सांगितलं माहीत आहे? हिच्या रक्तात बॉयलर आहे म्हणून सांगितलं. आणि तू माझ्या तोंडून ती कुठून कापायची ते काढून घेत होतीस."

त्यांना फार लागलं होतं. तीन नंबर जाणार याचं नव्हे. ती बंद पडली त्याच दिवशी गेली होती, हे त्यांना आतून ठाऊक होतं. पण तो उन्हाळा त्यांनी खरा धरला होता, आणि आता त्यातलं किती आपलं आणि किती डिमॉलिशन सरांचं हे त्यांना कळेना.

"मी खोटं नाही विचारलं," ऊर्मी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही तिच्याबद्दल बोलताना मला ऐकायला आवडायचं. म्हणूनच मी ही नोकरी घेतली, उलटं नाही. आजोबा, देशात इतकी केंद्रं बांधली तुम्ही लोकांनी. ती आता म्हातारी झाली. ती खाली कशी घ्यायची हे शिकवणारा एक कोर्स नाही. लोक गॅस कटर घेऊन जातात आणि कुठूनही कापतात. माणसं मरतात खाली."

"मग दुसरं केंद्र नव्हतं?"

"त्यांनी विचारलं, कुठलं बघितलंयस? मी म्हटलं, हे. मी काय दुसरं सांगू? तिथल्याच क्वार्टर्समध्ये जन्मले मी."

सुनंदाबाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या हसल्या. मोठ्याने नाही, पण हसल्या, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

"हसतेस काय?" कृष्णकांत म्हणाले.

"काही नाही. घरातला कुणीतरी एक जण त्या केंद्राच्या राखेचा बंदोबस्त करणार म्हणून हसू आलं. तुम्ही नाही केलात, नातीने केला."

"आई, तू तरी तिची बाजू घेऊ नकोस," अमोघ म्हणाला.

"किती लोखंड निघेल त्यातून?" विद्यालक्ष्मीने मधेच विचारलं. वाया काय जातं आणि वाचतं काय ही तिची नेहमीची भूक तोवर जागी झाली होती. ऊर्मीने टनांचा आकडा सांगितला. विद्यालक्ष्मीने मनात काहीतरी गुणलं, भुवया उंचावल्या आणि खुर्ची थोडीशी लेकीकडे सरकवली. अमोघने ते बघितलं. सुब्बारावांनीही बघितलं आणि लेक तिकडे गेली तर आपणही फार वेळ इकडे बसण्यात अर्थ नाही, असा हिशेब करून ते म्हणाले, "मोडणं म्हणजे तसं वाईट नव्हे की. बँकेंतसुद्धां जुनी खातीं बंद करायला वेगळा माणूस असतो."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तेच नाव.

"ते सहसा दोनदा करत नाहीत," ऊर्मी म्हणाली. "काहीतरी अर्जंट आहे. आजोबा, प्लीज."

"सरस्वती बसलीय," विद्यालक्ष्मी म्हणाली. लोखंड वेगळं आणि माहेरची रीत वेगळी. "सकाळपर्यंत उचलायचं नाही."

"उचलायचं कशाला?" अद्वय म्हणाला. "हात न लावता नुसतं बोलून घेता येतो."

सगळे सुब्बारावांकडे वळले, कारण त्यांचे आजोबा पुरोहित होते. सुब्बारावांनी डोळे मिटले, सुंडलचा शेवटचा घास गिळला आणि निर्णय दिला. "शास्त्रांत स्पर्श म्हणलंय. बोलण्यास बंदी नाही. देवीपुढे बोलूं नये तर मंत्र कशास म्हणलों मगाशीं?"

मग ऊर्मीने देवीसमोर हात जोडून, इंग्रजीत, स्पष्ट उच्चारांत फोनला कॉल उचलायला सांगितलं, आणि फोनने तिचं ऐकलं.

"ऊर्मी, कार्तिकेय बोलतोय." तमिळमधला दमलेला आवाज देव्हाऱ्यातून आला. मागे कुठेतरी लोखंडावर घण पडत होते. "उद्या सकाळी पूजा करून लगेच कटिंग सुरू करायचं आहे. क्रेन आलीय, पण तीन नंबरच्या बंकरखालचा तो टेकू क्रेनच्या वाटेत येतो. नकाशात तो नाही. माणसं म्हणतात जुनं भंगार अडकलंय, पहिला तोच काढू. तू म्हणालीस, आजोबा म्हणाले त्याला हात लावू नका. माझ्याकडे सही-शिक्क्याचा नकाशा आहे आणि तुझ्याकडे आजोबांची गोष्ट आहे. मी कशावर जाऊ, सांग."

ऊर्मी देवीपासून वळली. तिने कृष्णकांतांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

कृष्णकांतांना एक क्षण मोह झाला. काही बोलू नये. कळू दे यांना, नकाशावरून तीन नंबर खाली येत नाही ते. आपण तिला कधी पाडलं नाही, आपण पाडायला मदतही करणार नाही, एवढं तरी आपल्या हातात राहू दे. मग त्यांच्या डोळ्यांपुढे बंकरखालची ती अंधारी जागा आली आणि तिथे गॅस कटर घेऊन वाकलेला कुणीतरी आला, आणि त्याच्यामागे, टोपी जरा मागे सरकलेली, त्यांची नात.

"हात लावाल तर याद राखा!" ते ओरडले. ती तमिळ नंगनल्लूरच्या फ्लॅटमधली नव्हती, पाळीवरची होती. सुब्बारावांनी पटकन देवीकडे बघून कान पकडले. "तो टेकू आहे म्हणून बंकर उभा आहे! वादळाच्या वर्षी समुद्राचं पाणी आत आलं, दोन खांबांचे पाय गंजून खचले, तेव्हा मी स्वतः उभा राहून तो लावला. नकाशावाला चेन्नईत बसला होता, तो त्यात कसा येणार? भार त्या खांबांवर नाही. टेकूवर आहे."

"सर... नमस्कार, सर," आवाज म्हणाला. "पण बंकर रिकामा आहे. भार कसला?"

"कुणी सांगितलं रिकामा?"

"नकाशात तसं..."

"वरून बॅटरी मारून कोपऱ्यात पाहिलंत? ओला कोळसा तिथे थापून बसतो आणि दगड होतो. बंद पडला तेव्हा काढला असेल कुणी? ऑर्डर आली आणि सगळे घरी गेले. आधी खालचं झाकण तोडा आणि तो पाडा, मग टेकूचं बघू. आणि बॉयलर खालून वर काढायचा. टांगलेला आहे तो, उभा नाही. वरून सुरुवात केलीत तर सगळं डोक्यावर घ्याल!"

पलीकडे घण थांबले होते.

"सर," कार्तिकेय म्हणाला, "उद्या सकाळी याल का? पाहुणे म्हणून नाही. कामावर. कन्सल्टंट. गाडी पाठवतो. हेल्मेट, बूट सगळं देतो."

"हेल्मेट माझं आहे," कृष्णकांत म्हणाले.

फोन बंद झाला.  ऊर्मीने कुठली नोकरी धरावी यावर दुपारभर एवढी ओढाताण झाली होती, आणि शेवटी ती चौऱ्याहत्तराव्या वर्षी कृष्णकांतांना लागली होती, तीही त्यांनी स्वतः चालवलेला बॉयलर खाली घ्यायची.

"अभिनंदन, बाबा," अद्वय म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण वडिलांचा चेहरा पाहून त्याने ते राहू दिलं.

संध्याकाळी मंडळी गच्चीवर वारा खायला गेली. कृष्णकांत स्वयंपाकघरात आले. सुनंदाबाई उद्याच्या पुरणाची डाळ निवडत होत्या.

"मी पण येणार उद्या," त्या म्हणाल्या.

"तू कशाला?"

"इतकी वर्षं रोज वाळत घातलेल्या कपड्यांवरून तिची राख झटकली. पापडांवर पडायची, पोरांच्या अंगावर पडायची. अमोघची छाती भरायची ती आठवते ना? मग जाताना एकदा बघते."

"तुला ती कधीच आवडली नाही."

"असं कसं म्हणता? तिच्यावर दोन पोरं वाढवली आपण, हे घर झालं. पण जावी असं मला फार दिवस वाटत होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मी बोलले नाही."

घरातल्याच कुणाच्या मनातलं असं उशिरा कळायची दुपारपासूनची ही दुसरी वेळ होती. कृष्णकांतांनी डाळीतला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि मग तिथेच बसून थोडी डाळ निवडली.

दसऱ्याची सकाळ उजाडली. इथे आपटा मिळत नाही, म्हणून सुनंदाबाईंनी सोसायटीच्या कुंपणातल्या कांचनाची जोडपानं तोडून आणली होती. कृष्णकांतांनी देवीला हळदकुंकू वाहिलं, हेल्मेट उचललं, त्यावरचं गंध तसंच ठेवलं आणि पहिला फोन राजगोपालला केला.

"नाही येत ती," ते म्हणाले. "तिला नोकरी लागलीय. मलाही." आणि पलीकडचा काही विचारायच्या आत ठेवून दिला.

मग त्यांनी ऊर्मीच्या हातात कांचनाचं पान ठेवलं. ती वाकली. काल तिच्याशी शेवटचं जे बोलले होते ते त्यांना परत घेता येईना.

"कोहळा घे," ते म्हणाले. "पिशवीत घाल, पडेल."

अमोघने गाडी काढली. पाडकामाला आपण सोडायला जाणार नाही असं तो रात्री म्हणाला होता, पण सकाळी किल्ली त्याच्याच हातात होती. सुनंदाबाई मागे ऊर्मीजवळ बसल्या. एन्नोरच्या पुढे रस्ता ओळखीचा झाला आणि कृष्णकांतांनी हेल्मेट मांडीवर घेतलं.

केंद्राच्या फाटकावर केळीचे खुंट बांधले होते. आत तीन नंबर उभी होती, पत्रे काढलेली, पोटातले पाईप उघडे पडलेली. ज्या जिन्यावरून कृष्णकांत रोज चढले, त्याच्या अर्ध्या पायऱ्या नव्हत्या. कार्तिकेय पुढे आला. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा तो खूपच तरुण निघाला आणि त्यांच्या पाया पडला. त्यामागे वीसएक माणसं क्रेनला हार घालून उभी होती.

"कोहळा आणलाय आम्ही, सर," कार्तिकेय म्हणाला. "पण मान तुमचा."

"माझा मी आणलाय," कृष्णकांत म्हणाले.

त्यांनी पिशवीतून तो काढला, कुंकू भरलं, वर कापूर पेटवला आणि दोन्ही हातांनी तीन नंबरपुढे ओवाळला. पूर्वी ओवाळत तसाच. मग फोडायला वर उचलला आणि त्यांचे हात थांबले. पूर्वी ते काय मागत ते त्यांना पाठ होतं. चालत राहा. थांबू नकोस. आज ते मागता येत नव्हतं.

ते ऊर्मीकडे वळले आणि कोहळा तिच्या हातात दिला.

"मी फोडायचो ती चालू राहावी म्हणून," ते म्हणाले. "तू फोड. खाली येताना कुणाला लागू नये म्हणून."

ऊर्मीने तो घेतला.  तिने सगळा जोर लावून तो खाली आपटला, आणि तो फुटला नाही, घरंगळत क्रेनच्या चाकाशी गेला. माणसं हसली. कृष्णकांतही हसले.

"अजून," ते म्हणाले. "माझाही पहिल्या वर्षी नव्हता फुटला."

दुसऱ्यांदा तो फुटला.

मग कृष्णकांतांनी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि बंकरखाली गेले. टेकू जागेवर होता, गंजलेला, पण भार घेऊन उभा. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. माणसांना लांब सरायला लावून झाकणाच्या बिजागरीवर लांब दांड्याने घाव घालायला सांगितलं. चौथ्या-पाचव्या घावाला झाकण निखळलं आणि आतून कोळसा कोसळला, दगड झालेल्या ढेपांचा, थांबेल असं वाटेना इतका. कार्तिकेयने तो बघितला, मग टेकूकडे बघितलं आणि हातातला नकाशा गुंडाळून काखेत मारला.

काळी धूळ उठली आणि फाटकापर्यंत गेली. अमोघने रुमाल तोंडाला लावला. धूळ सुनंदाबाईंच्या दसऱ्याच्या नव्या साडीवर बसली, खांद्यावर, पदरावर. कृष्णकांतांनी लांबून पाहिलं. त्या आता झटकतील म्हणून ते वाट पाहत होते. आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलं होतं.

सुनंदाबाईंनी पदराकडे एकदा पाहिलं, आणि झटकला नाही. तसाच खांद्यावर सारखा केला आणि त्या तीन नंबरकडे बघत उभ्या राहिल्या.

"आता काय, आजोबा?" ऊर्मीने विचारलं.

"आता?" त्यांनी तिच्या डोक्यावरचं हेल्मेट सरळ केलं. "आता खालून वर. घाई करायची नाही. चल, दाखवतो."